योगराज गुणांक १.११

१ डिसेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी लिहायची. वही कपाटात आईच्या साड्यांच्या गठ्ठ्याखाली राहील, म्हणजे कोणाच्या हाती लागणार नाही. सबब इथे खरं तेच लिहायचं.

खरं म्हणजे पीएचडीला पाच वर्षं नऊ महिने झाले. फेब्रुवारीअखेर प्री-सबमिशन सेमिनार झाला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. विषय सोपा आहे, लोक उगाच घाबरतात. लोखंडाचा केसाहून बारीक कण हवेत जळतो कसा, याचं कॉम्प्युटरवर गणित. फुलबाजीची ठिणगी उडते ना, तीच एक ठिणगी घेऊन बसलोय. उद्या कोळशाच्या जागी लोखंडाची भुकटी जाळून वीज करतील तेव्हा माझं नाव निघेल.

संकल्प: रोज थीसिसची दोन पानं. छगनच्या टपरीवर दिवसाला दोनच चहा. वृषालीच्या स्क्रीनकडे बघायचं नाही.

२ डिसेंबर
पानं: अर्धं. चहा: चार. एक छगननेच पाजला, तो धरायचा नाही. गेटवर दिसलो की रोज विचारतो, केम डॉक्टर साहेब, थई गयुं? म्हणजे गुजरातीत, झालं का. पहिल्या वर्षापासून मला डॉक्टर म्हणतो. लोकांना कळतं.

वृषालीच्या स्क्रीनकडे बघितलं नाही. ती पाणी प्यायला उठली तेव्हा फक्त.

५ डिसेंबर
ही वृषाली कोण, ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आमच्या लॅबमध्ये दोन वर्षांपूर्वी आली. कडोदऱ्याची. वडील पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर, मशिनं दुरुस्त करतात. मूळची आपल्याच खान्देशातली. तिची आई अनुसयाबाई आणि माझी आई एका गावच्या निघाल्या, पारोळ्याकडच्या. तेव्हापासून आमच्या घरात हिचंच कौतुक. विषयही माझाच, लोखंडाचा कण. आमच्या गाईडनी, वशी सरांनी दिला. मला विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये तिचा ग्राफ आला. प्रयोगात पन्नास मायक्रॉनचा कण वीस मिलिसेकंदांत जळतो, हिच्या कॉम्प्युटरवरही वीस. सरांनी तो ग्राफ स्वतःच्या केबिनच्या दारावर चिकटवला. सहा वर्षांत माझा एकही ग्राफ दारावर गेला नाही. मला त्याचं काही नाही. दार हे काही ग्राफ लावायचं ठिकाण नव्हे.

खालच्या डाव्या कोपऱ्याची टेप सुटायला लागली आहे. पडेल आपोआप.

६ डिसेंबर
काल महत्त्वाचं लिहायचं राहिलं. माझ्या कॉम्प्युटरवर तोच कण बावीस मिलिसेकंदांत जळत असे. दोन वर्षं सगळे मला म्हणाले, चूक शोध. चुका शोधतात ते कारकून. मी शोध लावला. कणाकडे येणारा ऑक्सिजन १.११ ने गुणायचा. गुणला की उत्तर बरोब्बर वीस. कण लहान घ्या, मोठा घ्या, गुणांक तोच. १.११. निसर्ग इतका नेमका वागतो तेव्हा त्यामागे काहीतरी खोल असतं.

त्याला माझंच नाव दिलं आहे: योगराज गुणांक. कारण काय ते अजून सापडलेलं नाही, पण कारण मागाहूनही सापडतं. थीसिसचं चौथं प्रकरण संपूर्ण गुणांकावर आहे. एकेचाळीस पानं. बाकी तीन प्रकरणांत इतर लोकांनी काय केलं ते आहे.

वृषालीचं उत्तर गुणांकाशिवाय बरोबर येतं. कसं येतं हाच प्रश्न आहे. गुणांक नसताना बरोबर येणं शक्यच नाही. म्हणजे कुठेतरी गडबड आहे. हा हेवा नाही, हे साधं तर्कशास्त्र आहे.

११ डिसेंबर
लॅबमध्ये टेबलांची फिरवाफिरव. खिडकीजवळचं टेबल वृषालीला. सर म्हणाले, तिचं टेबल एसीच्या खाली होतं, तिला सर्दी होते. मला सहा वर्षं दाराजवळ बसवलंय, येणारा जाणारा माझ्या खुर्चीला धडकतो. मला कधी सर्दी झाली नाही, हाच माझा गुन्हा.

पानं: शून्य. मन लागलं नाही. उजेडच नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळी वृषाली घरी आली. नवागामच्या आमच्या गल्लीत स्कूटी घेऊन, विचारत विचारत. अनुसयाबाईंनी मेथीचे लाडू पाठवले होते. स्टीलचा डबा, झाकणावर ठिपक्यांनी नाव कोरलेलं. आईने तिला वांग्याच्या भरताला बसवून घेतलं. दोघी दीड तास अहिराणीत बोलत होत्या. आई माझ्याशी एवढं वर्षभरात बोलत नाही. गेल्यावर म्हणते, पोर गुणी शे.

लाडू कडू होते. सहा खाल्ले.

दुपारी आई साड्यांचे धागे कापत बसली होती. मार्केटातून गठ्ठे येतात, ती लोंबते धागे कापून देते. मला विचारते, तू इतकी वर्षं करतोस तरी काय, लोखंड कधी बळस का, म्हणजे जळतं का? मी फुलबाजी सांगितली. मग म्हटलं, आई, हवेत ऑक्सिजन असतो, त्याच्यावर लोखंड जळतं, आणि तो असतो शंभरात एकवीस. तुझ्या शंभर साड्यांच्या गठ्ठ्यात एकवीस जरीच्या असाव्यात तसा. तर कात्री थांबवून विचारते, मोजीसन का तोलीसन? म्हणजे नग मोजून एकवीस, की काट्यावर तोलून? कारण जरीची साडी जड असते. मोजल्या तर एकवीस, पण वजन केलं तर जास्त भरतं. टेम्पोवाल्याशी याच्यावरूनच तिचं वाजतं.

हसू आलं. हवा काय कोणी काट्यावर तोलतं का, म्हटलं. बिचारी. चौथी शिकलेली.

२३ डिसेंबर
आज थीसिसची साडेतीन पानं झाली. त्यांतली तीन ऋणनिर्देशाची आहेत. ते शेवटी लिहायचं असतं, पण मूड होता. सरांना एक परिच्छेद, आईला एक, छगनला एक ओळ. वृषालीला ‘लॅबमधील इतर’ यांत घेतलं. पुरेसं आहे.

आई म्हणते डबा परत नेऊन दे. रिकामा द्यायचा नसतो म्हणून तिने त्यात तिळाची चटणी भरून ठेवली आहे. रोज दाराशी धरते. मी म्हटलं लॅबमध्ये डबे नेत नाहीत. ती म्हणाली, तू रोज नेतोस.

१ जानेवारी २०२६
नवे संकल्प. रोज तीन पानं (आधीची तूट भरून काढायची). चहा एक. सकाळी दिंडोलीच्या तळ्याला दोन फेऱ्या. वृषालीचा विचार नाही.

आज सुट्टीसारखंच होतं, उद्यापासून.

९ जानेवारी, शुक्रवार. दुपारी २.४०
सावकाश लिहितो.

आमच्या ग्रुपच्या सर्व्हरवर सगळ्यांची फोल्डर सगळ्यांना उघडतात. सरांनीच तशी ठेवली आहेत, एकमेकांकडून शिका म्हणून. माझं मी पहिल्याच वर्षी लॉक केलं. कोड म्हणजे घरातलं कपाट, ते कोणी उघडं टाकत नाही. तर दुपारी वृषाली जेवायला गेली होती आणि माझी नजर सहज तिच्या इनपुट फाईलवर गेली. नजर जायला चार कमांड टाईप कराव्या लागल्या, पण गेली सहजच.

ओळ बारा. हवेतला ऑक्सिजन: ०.२३३.

तेवीस. हवेत ऑक्सिजन तेवीस टक्के लिहिलाय या बाईने. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. माझ्या फाईलमध्ये ओळ सतरा, पहिल्या आठवड्यात लिहिलेली, आजवर हात लावला नाही: ०.२१. हिने चोरून दोन टक्के वाढवून घेतला आणि उत्तर बरोबर आणलं. आणि तो ग्राफ दारावर.

छगनकडे गेलो. त्याला म्हटलं, एक स्पेशल. तो म्हणाला, डॉक्टर साहेब, आजे खुश छो. चार महिन्यांनी चहाची चव लागली.

९ जानेवारी. संध्याकाळी ७
खात्री करायची म्हणून शेजारच्यांकडून सातवीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलं. पीएचडीवाल्याला सातवीचं पुस्तक कशाला, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, रिसर्च. हवेचा तक्ता आहे: नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१. झालं. तक्त्याच्या वर बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण चष्मा आतल्या खोलीत होता.

१० जानेवारी
आता पुढे काय, याचा शांतपणे विचार केला. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगता येईल. पण तसं केलं तर ती गुपचूप दुरुस्त करेल आणि तिला काही धडा मिळणार नाही. सरांना सांगितलं तर चुगली होईल, आणि तो माझा स्वभाव नाही. म्हणून सगळ्यांसमोर, सेमिनारमध्ये. २० फेब्रुवारीला दोघांचे सेमिनार आहेत, आधी तिचा प्रगतीचा, मग माझा प्री-सबमिशन. पुण्याहून एक्सपर्ट येणार आहेत, डॉ. उज्ज्वला मॅडम. तिचं बोलून झालं की मी उठायचं, नम्रपणे एकच प्रश्न विचारायचा, आणि लगेच माझं प्रेझेंटेशन सुरू. लोकांच्या लक्षात येईल की खरं काम कोणाचं.

यात तिचंच भलं आहे. चुका लवकर कळलेल्या बऱ्या.

१४ जानेवारी, उत्तरायण
गच्चीवर. आईने उंधियूं शेजारून घेतलं, बदल्यात कळण्याच्या भाकरी दिल्या. माझा पतंग तीनदा कापला गेला. मांजा जुना होता. चौथा उडवलाच नाही, प्रश्नाचा सराव केला. ‘मॅडम, वृषालीताईंना एक बाळबोध शंका विचारू का?’ बाळबोध शब्द चांगला आहे.

पानं: शून्य, सण आहे.

२२ जानेवारी
आज वृषाली स्वतः माझ्या टेबलापाशी आली. इकडे तिकडे बघितलं, कोणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाली, योगराजभाई, तुमच्या गुणांकाबद्दल एक शंका आहे, तुमची इनपुट फाईल दोन मिनिटं बघू का? माझी फाईल. हिला माझी फाईल हवी.

म्हणजे गुणांकाचं कारण हिलाही सापडत नाहीये आणि हिला ते माझ्या आधी छापायचंय. मी म्हटलं, सेमिनारमध्ये सगळं कळेल, ताई. ताई जरा ठसक्यात म्हटलं. ती म्हणाली, सेमिनारच्या आधीच बघितलं तर बरं. मी म्हटलं, नंतर बघू. ती गेली. जाताना माझ्या खुर्चीला धडकली, सॉरी म्हणाली.

संध्याकाळी तिचा मेल आला. उघडला नाही. मेलमध्ये एक सोय आहे, ठराविक माणसाचे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरात टाकायची. तसं फोल्डर केलं. नाव: नंतर.

३ फेब्रुवारी
सरांनी चौथं प्रकरण वाचून परत दिलं. अखेर. समासात एकाच ठिकाणी पेन्सिलीने लिहिलंय: ‘पण का?’ एवढंच. एकेचाळीस पानांत एवढी एकच शंका. सर खूश दिसतात.

‘नंतर’ फोल्डरात दुसरा मेल. उतावळी झाली आहे.

४ फेब्रुवारी
‘पण का?’ याचं उत्तर लिहिलं. कणाच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म चुंबकीय ओढ असावी, लोखंडच ते, ती ऑक्सिजनला जास्त जोराने खेचत असावी. ‘असावी’ तीन वेळा आलं, एक काढलं.

वृषाली सर्व्हरवर एकाच वेळी वीस रन, म्हणजे वीस गणितं, लावते. माझा एक रन रांगेत सकाळपासून उभा. स्वतःचं टेबल खिडकीपाशी, रांगेतही पुढे. मी काही बोललो नाही. फक्त सिस्टम ॲडमिनला एक निनावी तक्रार केली. ऑफिसच्या मेलवरून गेली, त्यामुळे नाव दिसलं.

१२ फेब्रुवारी
तिसरा मेल. आता मला तिची दया येऊ लागली आहे. इतकी धडपड.

पानं: दोन. प्रश्न तोंडपाठ. आरशासमोर म्हणताना आई बाहेरून ऐकत होती. विचारते, कोणासंगे भांडी ऱ्हायना? तिला ते भांडण वाटलं.

१९ फेब्रुवारी
उद्या. निळा शर्ट इस्त्री केला. आईने देवापुढे साखर ठेवली. तिला सांगितलं, उद्यापासून मला डॉक्टर म्हण. ती म्हणाली, आधी डबा दे तिला नेऊन, दोन महिने झाले, चटणी खवट झाली असेल, दुसरी भरते. म्हटलं, उद्या सेमिनारनंतर देतो. विजेत्याने मोठं मन ठेवावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९
छगनला सांगितलं, आजच्या दिवसानंतर डॉक्टर खरंच म्हण. तो म्हणाला, ए तो हुं छ वरस थी कहुं छुं. सहा वर्षांपासून म्हणतोच आहे म्हणे.

दारावरच्या ग्राफची डावी टेप पूर्ण सुटली आहे. आज तो तसाही खाली उतरणार.

२० फेब्रुवारी. संध्याकाळी ६
लिहितो. लिहायचं ठरवलं होतं की खरं लिहायचं.

वृषाली आधी बोलली. चांगलं बोलली. हवेची माहिती जिथे यायला हवी होती ती स्लाईड तिने गाळली होती. कण, तापमान, मग एकदम निकाल. मला तेव्हाच हसू आलं. चोराच्या मनात चांदणं. म्हणजे हिला माहीत आहे.

टाळ्या झाल्या. मी उठलो. बाळबोध शंका म्हणालो. विचारलं, तुमच्या फाईलमध्ये हवेत ऑक्सिजन किती घेतलाय? ती म्हणाली, योगराजभाई, हे आपण नंतर बोलू या का? मी म्हटलं, नंतर नाही, आत्ताच, सगळ्यांसमोर. हॉलमध्ये चाळीस लोक होते. वशी सर पहिल्या रांगेत मान वळवून बघत होते.

ती म्हणाली, ०.२३३.

मी सगळ्यांकडे वळून म्हणालो की हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, हे सातवीच्या पुस्तकात आहे. पुस्तक पिशवीत होतं, ते वर धरून दाखवलं. पान उघडून.

मग उज्ज्वला मॅडमनी पुस्तक मागितलं. चष्मा लावून बघितलं. म्हणाल्या, तक्त्यावर लिहिलंय, आकारमानानुसार. एकवीस हे आकारमानाने. तुमची समीकरणं वजनाने चालतात. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जरा जड, म्हणून वजनाने तो तेवीस पॉइंट तीन. ह्या मुलीचा आकडा बरोबर आहे. शांतपणे सांगितलं, शाळेत सांगतात तसं.

मोजीसन का तोलीसन.

मग विचारलं, तुमच्या फाईलमध्ये किती आहे? सांगितलं, ०.२१. सहा वर्षं? सहा वर्षं. त्यांनी पेन काढलं. म्हणाल्या, ह्यानंतर तुमचाच सेमिनार आहे ना, त्यात एक गुणांक आहे असं मी तुमच्या सारांशात वाचलं, किती म्हणालात? वशी सरांनीच सांगितलं, एक पॉइंट अकरा. मॅडमनी पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर भागाकार केला. तेवीस पॉइंट तीन भागिले एकवीस. पुस्तक माझ्याकडे परत दिलं.

एक पॉइंट अकरा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला रागवता आलं असतं. वृषाली खाली बघत होती. सर म्हणाले, योगराज, तुझं प्रेझेंटेशन आज नको.

२१ फेब्रुवारी, शनिवार
ताप आहे. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, पण आहे.

आई विचारते, तुले काय व्हयनं? सांगितलं, हवा तोलायची होती, मी मोजत बसलो. ती म्हणाली, मी तं सांगेल व्हतं. मग कपाळावर हात ठेवला आणि परत धागे कापायला बसली. चौथी शिकलेली.

शेजारच्यांचं पुस्तक परत केलं. मागच्या कव्हरवरचा भागाकार खोडरबरने जात नाही, पेनने केलाय. पुस्तक ज्या मुलीचं आहे तिने विचारलं, हे कोणी लिहिलं? म्हटलं, पुण्याच्या मॅडमनी.

२१ फेब्रुवारी. दुपारी ४
‘नंतर’ उघडलं. तीन मेल.

पहिला, २२ जानेवारी: योगराजभाई, तुमचा गुणांक १.११ पाहून शंका आली. तुमच्या फाईलमध्ये ऑक्सिजन वजनाने टाकलाय की आकारमानाने ते एकदा बघाल का? माझंही सुरुवातीला असंच झालं होतं, तीन दिवस रडले. सरांना काही बोललेले नाही.

दुसरा, ३ फेब्रुवारी: वाचलंत का? सेमिनार जवळ येतोय. मी मदतीला थांबते, दोन दिवसांत सगळे ग्राफ परत काढू. म्हणून वीस रन आत्ताच उरकून घेतेय, म्हणजे सर्व्हर तुम्हाला मोकळा मिळेल.

तिसरा, १२ फेब्रुवारी: तुम्ही रागावला आहात असं दिसतंय. ठीक आहे. माझा सेमिनार तुमच्या आधी आहे, त्यात मी हवेची स्लाईड गाळते, म्हणजे मॅडमचं तिकडे लक्ष जाणार नाही. तुम्ही फक्त तुमची फाईल आधी बघा.

तीनही मेल परत वाचले. मग फोल्डर डिलीट केलं. मेलसुद्धा गेले. ते जायला नको होते.

२२ फेब्रुवारी, रविवार
आईने डबा भरला, ताजी चटणी. कडोदऱ्याला गेलो. अनुसयाबाईंनी आत बसवलं, पाणी दिलं. वृषाली मशिनवर आईचे ब्लाऊज शिवत होती. तिला शिवणही येतं. मला आता अशा गोष्टींचं काही वाटत नाही.

सॉरी म्हणायचं ठरवून गेलो होतो. रस्त्यात तीन प्रकारे म्हणून बघितलं. तिथे गेल्यावर म्हटलं, डबा. ती म्हणाली, हो, ठेवा. मग म्हणाली, भाई, उद्या दहाला येता का, ओळ बदलून एक रन लावून बघू. मी म्हटलं, मी एकटा करेन. तिने बरं म्हटलं.

निघताना अनुसयाबाईंनी दुसरा डबा हातात दिला. आमच्याकडून रिकाम्या हाताने कोणी जात नाही म्हणाल्या. लाडू. हे कडू नव्हते.

२३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३.२०
सकाळी सरांनी बोलावलं. सहा महिने मुदतवाढ मिळवून देतो म्हणाले, शेवटची. चौथं प्रकरण काढून टाकायचं. त्या जागी नवीन काय टाकणार ते विचार करून सांग. मी सोबत नेलेलं, पेन्सिलीने ‘पण का?’ लिहिलेलं पान त्यांनी माझ्यासमोर फाडलं नाही, नुसतं उलटं ठेवलं.

संकल्प करणार नाही.

ओळ सतरा उघडली. ०.२१ खोडून ०.२३३ लिहिलं. गुणांक काढला. रन लावला. सर्व्हर मोकळा होता, लगेच लागला. अडीचला उत्तर आलं. वीस. सहा वर्षांत पहिल्यांदा, कशानेही न गुणता. लहान कण घेतला, मोठा घेतला, सगळे प्रयोगाच्या रेषेवर बसले. एवढं सुंदर माझं कधीच आलं नव्हतं.

रंगीत प्रिंट काढली आणि सरांकडे निघालो. चौथ्या प्रकरणाच्या जागी हेच टाकू, असं म्हणायचं ठरवलं होतं. केबिनच्या दाराशी थांबलो. तोच ग्राफ दारावर आधीच आहे. तोच कण, तीच रेषा, तेच वीस. सप्टेंबरचा. खाली नाव वृषालीचं.

माझी प्रिंट घडी करून खिशात ठेवली. दारावरच्या ग्राफचा डावा कोपरा लोंबत होता. तो अंगठ्याने दाबून बसवला. राहीना, म्हणून लॅबमधून टेप आणून चिकटवला.